चाकांच्या कचरापेटीचा बागेंतील दुसरा जन्म

बारा वर्षांनीं उकिरड्याचेंहि दैव फिरतें, अशी मराठींत जुनी म्हण आहे. ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळचा उकिरडा गांवाच्या कडेला असे. तेथें शेण, राख, पालापाचोळा व खरकटें येऊन पडे, पावसाळ्यांत कुजे, आणि पुढें तेंच खत होऊन गाडींतून शेतांत जाई. उकिरड्याचें दैव फिरे तें या रीतीनें. शहराच्या उकिरड्याला हें भाग्य क्वचित् लाभतें. घरांतून निघालेला कचरा पेटींत, पेटींतून मोटारींत आणि मोटारींतून शहराबाहेरच्या ढिगावर जातो, आणि बहुधा तेथेंच राहतो. मुंबईंत देवनारचा ढीग २०१६ च्या जानेवारींत पेटला तेव्हां त्याचा धूर कित्येक दिवस आसपासच्या वस्तींत कोंडून राहिला होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांनीं वर्षानुवर्षें सोसला; २०१७ सालीं तेथील ढिगाला आग लागली तेव्हां ग्रामस्थांनीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरवासीयांच्या घरची घाण जेथें जाऊन पडते तेथेंहि माणसेंच राहतात, ही गोष्ट या प्रसंगांनीं सर्वांच्या ध्यानांत आणून दिली.

घरापासून ढिगापर्यंतच्या या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणजे चाकांची कचरापेटी. गृहसंस्थांच्या फाटकाशीं, बाजारांत, शाळांच्या आवारांत हिरव्या व निळ्या रंगांच्या या उंच पेट्या उभ्या असतात. एखादें चाक निखळलें, झांकणाची बिजागरी तुटली किंवा कांठाला तडा गेला, कीं पेटी निकामी ठरते आणि कचऱ्याचें पात्र स्वतःच कचऱ्यांत जमा होतें. वास्तविक तिचें अंग बहुधा धड असतें व आणखी कित्येक वर्षें टिकण्याजोगें असतें. बागेची हौस असणाऱ्या कुटुंबाला अशी पेटी अनेक प्रकारें उपयोगी पडते: खताचें पात्र म्हणून, भाजीची कुंडी म्हणून, पावसाच्या पाण्याचा रांजण म्हणून, कुमुदांच्या लहानशा तळ्यासाठीं आणि अवजारें ठेवण्यासाठींहि. या सर्वांत खताच्या उपयोगाचें महत्त्व अधिक. जी पेटी घरचा कस बाहेर वाहून नेत होती, तीच तो कस घरच्या मातींत परत घालूं लागते.

कचऱ्यासाठीं झांकणाचें भांडें ठेवावें ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे, कीं तिलाहि इतिहास आहे हें सहसा आठवत नाहीं. पॅरिस शहरांत पूर्वीं लोक घरचा केरकचरा सरळ रस्त्यावर टाकीत. सेन विभागाचा प्रशासक यूजेन पुबेल यानें १८८३ च्या नोव्हेंबरांत हुकूम काढून प्रत्येक घरमालकानें भाडेकऱ्यांसाठीं झांकणाचीं भांडीं पुरवावीं असें फर्माविलें. एवढ्यावर न थांबता कुजणारा कचरा एका भांड्यांत, कागद व चिंध्या दुसऱ्यांत, आणि कांच, फुटकीं भांडीं व शिंपले तिसऱ्यांत ठेवण्याचीहि त्यानें आज्ञा केली. खर्च वाढला म्हणून घरमालक रागावले. चिंध्या वेंचून पोट भरणारे आपला धंदा बुडेल म्हणून रागावले. फ्रेंच भाषेंत मात्र कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' हेंच नांव कायमचें पडलें. भारतांत २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरींच करण्यास सांगितलें, तेव्हां पुबेलच्या हुकुमाला १३३ वर्षें होत आलीं होतीं.

त्या काळचे डबे पत्र्याचे असत, आणि ते खांद्यावर उचलून गाडींत रिकामे करावे लागत. चाकांची प्लॅस्टिकची पेटी युरोपांत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारांत येऊं लागली. ती उचलावी लागत नाहीं. मागें कलती करून ओढली कीं चालूं लागते, आणि तिचा जाड कांठ मोटारीच्या दांत्यांत अडकवून ती यंत्रानेंच उपडी होते. मोटारीच्या दांत्यांना सर्व पेट्या सारख्याच जमाव्या म्हणून युरोपांत त्यांचीं मापें ठरविण्यांत आलीं. तींच मापें पुढें इतर देशांतहि पसरल्यामुळें लंडनमधील पेटी आणि ठाण्यांतील पेटी यांच्यांत रंगाखेरीज फारसा फरक नसतो. घरगुती वापरांत १२० आणि २४० लिटरच्या पेट्या विशेष आढळतात. २४० लिटरची पेटी सुमारें १०७ सेंटिमीटर उंच व ५८ सेंटिमीटर रुंद असते, आणि रिकामी असतांना तिचें वजन सुमारें १२ किलो भरतें. ती तोंडाशीं रुंद आणि बुडाशीं अरुंद असते. या निमुळत्या आकाराचा पुढें उपयोग होणार आहे.

या पेट्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनच्या असतात. दुधाच्या बाटल्या आणि पाण्याचे नळ याच जातीच्या प्लॅस्टिकचे होतात. तें कुजत नाहीं, गंजत नाहीं, आणि सौम्य आम्लांना व क्षारांना दाद देत नाहीं. त्याचा शत्रु एक, तो म्हणजे ऊन. उन्हांतील अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यांत त्यांत संरक्षक द्रव्य मिसळतात. परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हानें तेंहि संपतें आणि पेटी ठिसूळ होते. म्हणून जुनी पेटी घेण्यापूर्वीं तिची परीक्षा करावी. बाजूवर अंगठ्यानें जोर दिला असतां ती वांकून पुन्हां पूर्ववत् होत असेल तर ती कामाची आहे. हात फिरवितांच पांढरी भुकटी निघत असेल किंवा दाबतांच कडकन् तडा जात असेल, तर तिला बागेंत जागा देण्यांत अर्थ नाहीं.

पेटी कोणाची आहे हा प्रश्नहि आधींच सोडवावा. नगरपालिकेनें किंवा गृहसंस्थेनें दिलेली पेटी ही त्या संस्थेची मालमत्ता असते. इंग्लंडांतहि घराघरापुढील पुष्कळशा पेट्या स्थानिक नगरसंस्थांच्या मालकीच्या असतात. तेव्हां मोडलेली पेटी घेतांनासुद्धां चिटणिसांची संमति घेणें उचित होय. रुग्णालयांतून आलेली पेटी, तसेंच रंग, कीटकनाशक किंवा यंत्राचें तेल ज्यांत सांठविलें होतें अशी पेटी मुळींच घेऊं नये. प्लॅस्टिक अशीं द्रव्यें शोषून घेतें आणि तीं धुतल्यानें पूर्णपणें जात नाहींत. पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर अशा पेटींत भाजी न लावतां फुलझाडें लावावीं. घरच्या कचऱ्याची पेटी असेल तर ती धुण्याच्या सोड्यानें व गरम पाण्यानें घांसून, स्वच्छ धुऊन, तोंड सूर्याकडे करून तीन-चार दिवस उन्हांत ठेवावी. ब्लीचिंग पावडर वापरावयाची असल्यास ती एकटीच वापरावी. तिच्यांत फरशी धुण्याचें आम्ल मिसळलें तर क्लोरीन हा विषारी वायु सुटतो.

आतां वजनाचा हिशेब. चाकें आहेत म्हणून वाटेल तितकें भरलें तरी पेटी चालेल, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. २४० लिटरच्या पेटीचें भरलेलें वजन ११० किलोच्या आंत आणि १२० लिटरच्या पेटीचें ६० किलोच्या आंत असावें, अशा बेतानें चाकें व आंस केलेलीं असतात. हा आंकडा पुष्कळदां पेटीवरच उठविलेला असतो. कचरा हलका असतो म्हणून तेवढ्यावर भागतें. तीच २४० लिटरची पेटी पाण्यानें भरली तर पाण्याचेंच वजन २४० किलो होतें, आणि ओल्या मातीनें कांठोकांठ भरली तर ३५० किलोच्या वर जातें. गच्चीवर बाग करणाऱ्यानें तर हा हिशेब कधींच विसरूं नये. माणसें वावरतात अशा गच्चीची रचना करतांना भारतीय मानकांप्रमाणें चौरस मीटरला सुमारें १५० किलोचा चल भार धरलेला असतो, आणि ही पेटी अर्ध्या चौरस मीटरपेक्षांहि कमी जागा व्यापते. म्हणून गच्चीवर जड पेट्या खांबांच्या व तुळयांच्या माथ्यावर, भिंतीच्या कडेनें ठेवाव्या, आणि शंका असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

कापण्याचें व भोंकें पाडण्याचें काम अवघड नाहीं. बारीक दातांच्या करवतीनें पेटी कापतां येते आणि ड्रिलनें भोंकें पडतात. तापविलेल्या सळईनें किंवा सुरीनें प्लॅस्टिक जाळून कापण्याची रीत टाळावी. तो धूर फुप्फुसांना अपायकारक असतो. खालीं जुनी चादर अंथरावी, म्हणजे प्लॅस्टिकचा कीस मातींत न मिसळतां गोळा करतां येतो. कापलेली कड कानशीनें घांसून गुळगुळीत करावी, किंवा नळीचा तुकडा उभा चिरून तिच्यावर बसवावा. लहान मुलांच्या हातांचा विचार करून हें काम पुरें करावें.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर मुख्य उपयोगाकडे वळावें, तो म्हणजे खत. सेंद्रिय खताच्या शास्त्राशीं इंदूरचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. तेथील संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत काम केलें, आणि यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह १९३१ सालीं शेतींतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'इंदूर पद्धति' या नांवानें ती रीत जगभर गेली. तिचें सार असें, कीं कुजविणारे जीवाणु हे या कामांतील खरे मजूर. त्यांना अन्न, हवा आणि ओल हीं तीन योग्य प्रमाणांत मिळालीं म्हणजे दुर्गंधि न येतां खत होतें. भाजीचीं देठें, साली, चहाचा चोथा यांत नत्र अधिक असतें. वाळलेलीं पानें, नारळाचा काथ्या, फाडलेला पुठ्ठा यांत कर्ब अधिक असतो. कर्ब व नत्र यांचें प्रमाण ३० ला १ च्या सुमारास असावें. घरीं हें मोजीत बसण्याचें कारण नाहीं. एक भांडें ओला कचरा पडला कीं त्यावर दोन भांडीं वाळका पाला टाकावा, एवढा नियम पुरतो.

जमिनीवरच्या बागेंत पेटी उलटी करून वापरणें सर्वांत सोयीचें. बूड कापून काढावें, झांकण अलग करावें, आणि रुंद तोंड मातीवर टेकवून पेटी उपडी उभी करावी. आतां ती खालीं रुंद व वर निमुळती होते, वाऱ्यानें हलत नाहीं, आंतील खत अडकून न राहतां खालीं सरकतें, आणि मातींतील गांडुळें आपण होऊन वर येतात. कापलेल्या बुडाच्या जागीं वरून कचरा टाकावा व त्यावर तेंच बूड झांकण म्हणून ठेवावें. गच्चीवर मात्र पेटी सरळच ठेवावी लागते. तिच्या बाजूंना वीतभर अंतरानें बोटभर जाडीचीं भोंकें पाडावीं, तळाला आठ-दहा भोंकें पाडून ती विटांवर उभी करावी, आणि खालीं पसरट थाळा ठेवावा. तळाशीं नारळाच्या सोडणांचा जाड थर दिला म्हणजे हवा खेळती राहते आणि भोंकें बुजत नाहींत.

पहिल्या दिवशीं मूठभर जुनें खत किंवा थोडें आंबट ताक विरजणासारखें घालावें. पुढें रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा व लगेच पाल्यानें झांकावा. आठवड्यांतून एकदां काठीनें खालवर करावें. आंतील माल पिळून काढलेल्या फडक्याइतका ओलसर असावा. मुठींत दाबला असतां पाणी गळूं नये. मांस, मासे, तेलकट व शिजविलेले पदार्थ नवशिक्यानें टाकूं नयेत, कारण त्यांच्यामुळें उंदीर व माशा येतात. पात्र भरलें कीं नवा कचरा दुसऱ्या पेटींत टाकावयास लागावें आणि पहिलें दोन-तीन महिने मुरूं द्यावें. म्हणूनच पेट्यांची जोडी असणें सोयीचें. अशी पेटी हलवावयाची असेल तर ती पाऊणच भरावी. कांठोकांठ भरलेलें ओलें खत चाकांच्या मर्यादेपलीकडे जातें.

नवशिक्याचा उत्साह सहसा मावळतो तो वासामुळें. परंतु वास हा दोष नसून सूचना आहे. आंबूस किंवा कुजका वास येऊं लागला तर पाणी अधिक व हवा कमी झाली असें समजावें, आणि भरपूर सुका पाला घालून माल खालवर करावा. मुंग्या झाल्या तर ओल कमी पडली आहे. थोडें पाणी शिंपडावें. चिलटें घोंगावूं लागलीं तर कचरा उघडा राहिला आहे. पांढुरक्या, जाडसर अळ्या दिसल्या तरी घाबरूं नये; त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात आणि कचरा फस्त करण्यास मदतच करतात. तयार खत काळसर व भुसभुशीत असतें, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा त्याला गंध येतो. तें चाळून दोन भाग मातींत एक भाग मिसळावें. चाळणींत उरलेले जाड तुकडे पुन्हां पेटींत जावे.

फाल्गुन-चैत्रांत पानगळ झाली म्हणजे गृहसंस्थांच्या आवारांत पाल्याचे ढीग पडतात, आणि पुष्कळ ठिकाणीं ते पेटवून दिले जातात. ज्या पाल्यावांचून ओल्या कचऱ्याचें खत होत नाहीं तोच जाळून धूर करावा, यासारखी उधळपट्टी नाहीं. मोडक्या झांकणाची एक पेटी केवळ पाल्यासाठीं राखून ठेवावी. वर्षभर ती खताच्या पेटीला पाला पुरवील. आणि पाला उरलाच तर तो ओला करून दाबून ठेवल्यास कालांतरानें त्याचेंच हलकें पर्णखत होतें. कुंड्यांच्या मातींत मिसळण्यास तें उत्तम.

पेटींत झाडें लावावयाचीं तर तिची पूर्ण उंची बहुधा लागत नाहीं. २४० लिटरची पेटी मध्यावर आडवी कापली तर एकीचे दोन वाफे होतात. खालच्या अर्ध्याची चाकांसह कुंडी बनते, आणि वरचा बिनबुडाचा अर्धा जमिनीवर ठेवून माती भरली कीं उंच वाफा तयार होतो. खालच्या अर्ध्याच्या तळाला आठ-दहा भोंकें पाडावीं. निचऱ्यासाठीं तळाशीं खडी घालण्याची रूढ चाल मात्र सोडून द्यावी; पाणी बारीक मातींतून खडींत सहज उतरत नाहीं, तें खडीच्या वरच्या मातींतच साचून राहतें आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. साध्या मातीऐवजीं खत, काथ्याचा भुसा व थोडी माती असें हलकें मिश्रण भरलें तर कुंडीचें वजन चाकांना झेपेल इतपत राहतें. मग चैत्र-वैशाखांत ती सावलींत ओढतां येते आणि थंडींत उन्हांत. चाकांचें खरें सार्थक येथेंच होतें.

मातीची खोली लागणाऱ्या पिकांना असा वाफा फार मानवतो. हळद व आलें मे-जूनमध्यें लावून आठ-नऊ महिन्यांनीं काढतां येतें. अळू, सुरण, रताळीं हींहि चांगलीं येतात. कढीलिंबाचें किंवा कागदी लिंबाचें झाड अनेक वर्षें सुखानें राहूं शकतें. इंग्लंडांतील हौशी लोक अशा पेट्यांत बटाटे लावतात. महाराष्ट्रांत तें काम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरांत करावें. वीतभर मिश्रणावर मोड आलेले बटाटे ठेवून झांकावे, आणि रोप वाढेल तसतशी भर घालीत जावी. भर घातल्यानें पेटी तळापासून कांठापर्यंत बटाट्यांनीं भरेल, ही अपेक्षा मात्र व्यर्थ होय. भर घालावयाची ती मुख्यतः बटाट्यांना उजेड लागूं नये म्हणून. उजेडानें हिरव्या पडलेल्या बटाट्यांत सोलॅनिन हें विषारी द्रव्य वाढतें, आणि असे बटाटे खाऊं नयेत. कारल्या-दोडक्यांचे वेल लावावयाचे असतील तर पेटीच्या मुठीला बांबू बांधून आधार देतां येतो.

पावसाचें पाणी सांठविण्याकडे पुष्कळांचा ओढा असतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळतें. दहा चौरस मीटरच्या छपराला २४ मिलिमीटर पाऊस झाला कीं मोठी पेटी भरते. पुण्यास वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एवढ्याच छपरावरून सात हजार लिटर पाणी वाहून जातें. त्यापुढें पेटीचा सांठा तो किती! एका पेटीनें उन्हाळा निभावणार नाहीं, हें स्पष्ट आहे. पावसाळ्यांतील उघडिपीच्या दिवसांत झाडांना पाणी देण्यास मात्र तो सांठा नेमका उपयोगी पडतो. अशी पेटी चाकें काढून विटांच्या भक्कम चौथऱ्यावर ठेवावी, म्हणजे झारी खालीं धरतां येते. बुडापासून चार बोटें वर भोंक पाडून, दोन्ही बाजूंस रबरी चकत्या घालून तोटी बसवावी. वरच्या कांठाशीं जादा पाण्याला वाट ठेवावी. पहिल्या पावसाचें पाणी छपरावरची धूळ धुऊन आणतें, तें वाहूं द्यावें. हें पाणी पिण्यासाठीं नाहीं.

येथें डांसांचा विचार न करणें म्हणजे रोगाला आमंत्रण देणें होय. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डांस गटारापेक्षां असें सांठविलेलें स्वच्छ पाणीच पसंत करतो. अंड्यापासून उडता डांस होण्यास उष्ण हवेंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याचीं अंडीं पात्राच्या आंतील बाजूस चिकटून कोरडीं असलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून तोंडावर घट्ट बारीक जाळी असावी, जादा पाण्याच्या वाटेवरहि जाळी असावी, आणि आठवड्यांतून एकदां पेटी पूर्ण रिकामी करून आंतून ब्रशानें घांसावी. ज्या घरांत हें व्हावयाचें नाहीं, त्या घरानें पाण्याची पेटी ठेवूं नये.

मोडक्या पेटीचा खालचा हातभर भाग कापून घेतला तर कुमुदासाठीं सुरेख लहान तळें होतें. या पेट्यांची आंस बाहेरच्या खोबणींतून गेलेली असते, त्यामुळें ती काढली तरी अंगाला भोंक राहत नाहीं व पाणी गळत नाहीं. तळाशीं चिकण मातीचा थर देऊन त्यांत कंद लावावा, वर वाळू पसरावी आणि पाणी हळूहळू भरावें. दोन-चार गप्पी मासे सोडले म्हणजे डांसांच्या अळ्या ते खाऊन टाकतात. मात्र हें तळें असो कीं पाण्याची पेटी, घरांत रांगतें किंवा नुकतें चालूं लागलेलें मूल असेल तर वीतभर पाणीहि जिवावर बेतूं शकतें. तेथें ही हौस कांहीं वर्षें लांबणीवर टाकणेंच शहाणपणाचें.

ज्या पेटीचें झांकण शाबूत आहे ती अवजारांसाठीं ठेवावी. फावडें, दाताळें, कुदळ यांसारखीं उंच दांड्यांचीं अवजारें तींत उभीं राहतात व चाकांमुळें वाफ्यापर्यंत नेतां येतात. तळाशीं थोड्या तेलांत कालविलेली कोरडी वाळू वीतभर भरली तर पातीं तींत खुपसून ठेवतां येतात आणि गंजत नाहींत. सुटे भागहि वाया जात नाहींत. तुटलेलें झांकण उलटें ठेवून त्यांत दोन बोटें पाणी घातलें तर उन्हाळ्यांत चिमण्या-बुलबुलांची सोय होते. तेंहि पाणी रोज बदलावें. चाकें आणि आंस फळीला जोडल्यास जड कुंड्या हलविण्याची गाडी होते.

पेटीचें रूप कित्येकांना खटकतें आणि ती रंगविण्याचा मोह होतो. या जातीच्या प्लॅस्टिकवर साधा रंग धरत नाहीं, थोड्याच दिवसांत त्याचे पोपडे सुटतात. त्यापेक्षां काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी, बांबूच्या कामट्यांची चटई भोंवतीं बांधावी, किंवा गोकर्णाचा वेल अंगावर चढूं द्यावा. या आच्छादनानें शोभा तर येतेच. शिवाय ऊन अडल्यामुळें आंतील मुळें तापत नाहींत आणि पेटीचें आयुष्यहि वाढतें.

पुढें केव्हां तरी पेटी ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडूं लागतील. त्या वेळीं ती मातींत पुरूं नये आणि जाळूं तर मुळींच नये. धुऊन, माती झाडून ती कचरावेचकांकडे किंवा भंगारवाल्याकडे द्यावी. पेटीवर त्रिकोणांत २ हा आंकडा असेल तर तें याच जातीच्या प्लॅस्टिकचें चिन्ह होय, आणि तें वितळवून पुन्हां वापरतां येतें.

या सर्व खटाटोपाचें मोल करतांना प्रमाण सुटूं देऊं नये. एक पेटी भंगारांतून वाचविली तर सुमारें १२ किलो प्लॅस्टिक वांचतें, आणि तेंहि एकदांच. त्याच पेटींत खत करूं लागलें तर रोजचा ओला कचरा वांचतो, आणि तो वर्षानुवर्षें. म्हणून ज्या कुटुंबाला एकच जुनी पेटी मिळाली असेल त्यानें कुंडी व तळें यांचा विचार मागें ठेवून ती खतासाठींच वापरावी. आरंभ करण्यास ऋतूचीहि वाट पाहावयास नको. धुतलेली पेटी, चार विटा, नारळाचीं सोडणें आणि पोतेंभर वाळका पाला एवढें जमलें, कीं त्याच दिवशींच्या भाजीच्या देंठांपासून कामाला सुरुवात होते.